फोटोखालची ओळ

तिसगावच्या रविराजला पस्तिसावं लागलं, टक्कल तर तिसाव्यातच पडलं होतं. सात स्थळांनी फोटो पाहूनच नकार कळवला, तेव्हा बहिणीनं मोबाईलमध्ये एआयकडून त्याच्या डोक्यावर दाट केस उगवून घेतले. वडिलांनी मात्र पेपरातला नवा कायदा पुढं केला. "एआयचं चित्र हाय तर तसं लिवायचं," म्हणत त्यांनी खर्डा गावच्या मुलीला फोटो धाडताना खाली लिहिलं: 'केस एआयचे, पोरगा खरा.' आई कडाडली, "अवो, सरकार सून आनून देनार हाय का?" "मग लग्नात केस कुठनं आननार?" वडील म्हणाले. दोन दिवस आईनं ताटं आदळली. तिसऱ्या दिवशी मोबाईल वाजला. आठवा नकार समजून रविराजनं मेसेज भीतभीत उघडला. मुलीनं स्वतःच आपला फोटो धाडला होता. खाली ओळ होती: 'गोरेपणा फिल्टरचा, मी सावळी. रविवारी या, टोपी न घालता.'