दोन्ही घरांचा होकार

"आई, तिला जरा सांभाळून घ्या हो," बाईंनी फोनवर विनवलं. "पाहुणी आहे ती."

"पाहुणी कसली, डोक्याला ताप आहे!" पलीकडून सासूबाई कडाडल्या. "आंघोळ करते की पूर आणते, कळत नाही. ओला टॉवेल पलंगावर. कांदा चिरायला दिला, तर अर्धा कांदा सालीबरोबर कचऱ्यात. तू बरी होतीस म्हणायची वेळ आली बघ!"

बाईंना आधी हसू आलं, मग तिची कीव आली.

त्याचं असं झालं होतं. दोन देशांतल्या दोन शाळांनी वर्षभरासाठी विज्ञानाच्या शिक्षिकांची अदलाबदल केली आणि भाडं वाचावं म्हणून त्यांच्या घरांचीही. बाई इकडे आल्या, इकडची पोरगी तिकडे गेली. बाईंचा नवरा बोटीवर, त्यामुळे तिकडे घरात ती आणि सासूबाई, दोघीच. इकडे बाई आणि त्या पोरीची आई. तिला बाई मावशी म्हणत.

मावशी म्हणजे नुसतं लोणी. दूध उतू गेलं, तरी "असू दे गं, ओटा पुसायचाच होता." शाळेतून यायला उशीर झाला, तर जेवण गरम करून वाट बघत बसायची. कधी आवाज चढला नाही, कधी कपाळाला आठी नाही. लग्न झाल्यापासून उठता-बसता टोमणे खाल्लेल्या बाईंना आधी हे खरंच वाटेना. मग अंगावर मूठभर मांस चढलं.

शाळेतही जम बसला. सुरुवातीला वर्ग तोंडाला कुलूप लावून बसायचा. एकदा हवेचा दाब दाखवताना फुगा बाईंच्या तोंडावरच फुटला आणि पोरं बाकांवर लोळून हसली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतही त्यांना चहा सुखानं पिता येईना, इतके प्रश्न.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "आणखी एक वर्ष राहाल? फक्त दोघी शिक्षिका आणि दोन्ही घरं राजी हवीत."

बाईंना राहायचंच होतं. अगदी मनापासून हवं होतं त्यांना हे वर्ष. मावशीला विचारलं, तर तिनं गालावरून हात फिरवला. "यात विचारायचं काय? राहा की!"

बाईंना रडूच आलं. आता घोडं अडलं होतं ते तिकडे. सासूबाईंच्या तोंडापुढे कोण टिकलंय? ती पोरगी गाशा गुंडाळणार आणि आपल्याला परत जावं लागणार. शेवटी बाईंनी मनाचा हिय्या करून तिलाच फोन लावला.

"खरं सांग मला. फार बोलतात का गं सासूबाई? मनावर घेऊ नकोस. त्यांचा स्वभावच तसा आहे."

"तुमच्या सासूबाई?" पोरगी चकित झाली. "छे हो, ताई! वर्षभरात एक शब्द लागेलसा बोलल्या नाहीत. काही सांडलं-लवंडलं, तर उलट मलाच जवळ घेतात. मला मेलीला इतक्या लाडाची सवयच नाही. आमची आई म्हणजे तोफखाना."

"मावशी? तोफखाना?"

"रागावू नका हां, ताई. पण रोज फोनवर तुमच्या नावानं खडे फोडते ती. दिवे जळत ठेवतात, जिना दणदण चढतात, भाजीत मीठ म्हणून नाही. मीच तिला समजावते, पाहुण्या आहेत, सांभाळून घे."

बाईंनी वळून पाहिलं. मावशी दारातून हसून खुणेनंच विचारत होती, चहा टाकू का?

"मग... तू राहणार ना तिकडे?" बाईंचा आवाज बारीक झाला.

"मी एका पायावर तयार होते हो. पण आज त्यांचा होकार मागायला गेले आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. म्हणाल्या, 'पाहुणीशी गोड बोलून बोलून माझी जीभ आखडली. मला माझी सून परत हवी.'"