पुतळ्याचे बूट

“चपला बाहेर काढा! हे आपल्या रेल्वे कंपनीच्या इतिहासाचं मंदिर आहे,” मोठे साहेब संग्रहालयाच्या दारातच गरजले. कंपनीच्या शंभरीचे खास पाहुणे म्हणून बोलावलेल्या म्हाताऱ्या सोनबाने टायरच्या चपला पायरीपाशी काढल्या. उभी हयात त्याने या कंपनीच्या रुळांवर गँगमन म्हणून घालवली होती.

आत गँगमनचा पुतळा होता, रुळाच्या तुकड्यावर ऐटीत बसवलेला. कामावर बसलेला गँगमन सोनबा पहिल्यांदाच पाहत होता. त्यात पायांत चकचकीत कातडी बूट! तापलेल्या खडीवर टोळीच्या तळपायांची चाळण व्हायची, तेव्हा कुणी बुटांचं नाव काढलं की साहेबलोक म्हणायचे, “बुटांनी माणूस आळशी होतो रे!”

“तुझाच पुतळा आहे. कसा वाटतो?” साहेबांनी कौतुकाने विचारलं.

“झकास आहे, साहेब. पण मंदिरात बूट घालून बसलाय गडी,” म्हणत सोनबा खाली वाकला. तो पुतळ्याच्या पाया पडतोय असं वाटून टाळ्या वाजल्या. त्याने सावकाश नाड्या सोडल्या, बूट ओढून काढले आणि बाहेर नेऊन आपल्या चपलांशेजारी ठेवले. साहेब कसनुसे हसले. मंदिर त्यांनीच म्हटलं होतं.

पेढा खाऊन निघताना सोनबाने चपला पायरीवरच सोडल्या आणि बूट पायांत चढवले. एक नंबर मोठे निघाले. कंपनीने जन्मात पहिल्यांदाच त्याला मापापेक्षा जास्त दिलं होतं.