भरलेला लोटा

"धापू, लोटा जरा वर धर. आणि इकडे बघ!"

शाळेच्या स्काऊट-गाईड पथकाच्या कॅप्टन विमलेश मॅडमनी मोबाइल रोखला. वाळवंटातल्या या छोट्या स्टेशनवर त्यांच्या गाईड मुली दर उन्हाळ्यात गाडीतल्या प्रवाशांना पाणी द्यायच्या. त्याचे फोटो जिल्हा कार्यालयाला पाठवावे लागत. खिडकीतल्या म्हातारीचा पितळी लोटा धापूने नुकताच माठातून भरून आणला होता.

"मॅडम, गाडी सुटेल."

"अगं, वेळ आहे. हास की जरा!"

धापूच्या स्कार्फच्या टोकाला गाठ होती. ती सकाळी मारायची आणि दिवसातलं एक चांगलं काम झालं की सोडायची, हे मॅडमनीच शिकवलेलं. फोटोत बरी दिसणार नाही म्हणून त्यांनी स्वतःच ती सोडली. "आता झालंच की तुझं काम."

फोटो निघाला आणि गाडी हलली. धापू लोटा घेऊन खिडकीमागे धावली. पाणी हिंदकळून गणवेश भिजला, पण लोटा काही म्हातारीच्या हातापर्यंत पोहोचला नाही. पुढचं स्टेशन दोन तासांवर होतं, मध्ये नुसती वाळू.

धापू परत आली. लोटा बाकावर ठेवून तिने स्कार्फला पुन्हा गाठ मारली.

"तुझी चूक नव्हती गं," मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे, मॅडम."

मॅडमनी नजर मोबाइलकडे वळवली. फोटो छान आला होता. धापू हसत होती, आणि तिच्या मागे खिडकीतून म्हातारीचा हात केव्हाचा बाहेर आलेला होता.