देव पाण्यात

"जावईबापूंच्या सिक्सरसाठी देव पाण्यात घालून बसलेय मी," नागपूरहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

"आई, याला होमरन म्हणतात."

"काही का म्हणेनात! बॉल बाहेर गेला म्हणजे झालं."

तिला काय सांगणार? राजसची बेसबॉल टीम तळाला होती आणि खेळाडूंच्या अदलाबदलीचा उद्या शेवटचा दिवस. तळाच्या टीम अशा वेळी आपले चांगले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकतात, आणि इतका लांब मारणारा शॉर्टस्टॉपचा फील्डर कुठल्याही टीमला हवाच असतो. तीन वर्षांत तीन शहरं झाली. इथे ओकव्हिलला आमच्या कस्तुरीला आत्ता कुठे एक मैत्रीण मिळाली होती.

म्हणून सकाळी मीही बाळकृष्ण पाण्यात ठेवला होता. आज राजस आउट व्हावा म्हणून.

टीव्हीवर राजसने मारलेला बॉल उंच गेला आणि थेट प्रेक्षकांत पडला. "गेला गं, गेला!" आई तिकडे टाळ्या पिटत होती.

कस्तुरी सोफ्यावरून उठली, देवघराशी गेली. वाटीतून बाळकृष्ण काढून तिने फ्रॉकला पुसला आणि मागच्या प्रत्येक शिफ्टिंगसारखा आपल्या मोज्यात गुंडाळला.

"ममा, धिस टाइम कॅन ही गो इन माय बॅग?"