वरून कोरडं

वांग्याचं तिसरं रोपही पिवळं पडलेलं दिसलं, तेव्हा सुनेच्या मस्तकात तिडीक गेली. ती तिथेच उकिडवी बसली आणि तिने रोपाच्या बुडाजवळचा पाचोळा बाजूला केला. खाली चिखल होता. तोही नासका वास येणारा.

"बाबा!"

सासरे नळापाशी पाठमोरे उभे राहून नळीची गुंडाळी करत होते. हाक ऐकूनही त्यांनी आधी गुंडाळी पुरी केली, खुंटीला अडकवली, मग वळले. चोरी पकडली गेली की माणूस फार टापटिपीने वागतो.

"पुन्हा पाणी घातलंत?"

"थोडंसं."

"थोडंसं? इथे म्हैस डुंबेल, बाबा!"

"अगं, वरून सगळं कोरडंठाक दिसत होतं."

"वरून कोरडंच दिसणार! ओल खाली टिकावी म्हणूनच तर घातलाय ना तो पाचोळा!"

हे ती महिनाभर सांगत होती. उन्हं तापायला लागली तेव्हा तिने दोन सुट्ट्या खर्ची घालून सगळ्या वाफ्यांवर वाळलेल्या पानांचा आणि गवताचा चार बोटं जाड थर पसरला होता. याला मल्चिंग म्हणतात, असं घरात सगळ्यांना समजावलं होतं. मातीला थेट ऊन लागत नाही, ओल टिकते, तण माजत नाही, आठवड्यातून एकदा पाणी दिलं की भागतं. सासऱ्यांनी मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू. तिने नळी माळ्यावर टाकली, तर बाथरूममधला तांब्या बागेत गेला. तांब्या लपवला, तर धुवून पालथं घातलेलं पातेलं वांग्यांत सापडलं. शेवटी स्वयंपाकघर वाचवायला तिने नळीच परत काढून दिली, वर शपथ घ्यायला लावली. ती शपथ आता त्या चिखलात होती.

ती उठली आणि सासऱ्यांना मनगटाला धरून वाफ्याशी घेऊन आली.

"बसा खाली. हात घाला आत."

सासरे गुडघ्यावर जोर देत बसले. त्यांची बोटं पाचोळ्याखाली गेली आणि थांबली.

"गार आहे," ते म्हणाले.

"ओलं आहे. मुळं कुजतायत. ही तीन गेली, अशीच बाकीचीही जातील."

त्यांनी हात बाहेर काढून सदऱ्याला पुसला. "मग आता पाणी कधी?"

"पुढच्या शनिवारी."

"आज शनिवारच आहे."

"हो."

"मग मधले दिवस मी काय करू?"

"काही नाही. आराम करा."

सासरे सहसा आवाज चढवत नसत. आज चढवला.

"आराम, आराम, आराम! बघावं तो मला आरामाला लावतो! दूध दारात येऊन पडतं. बिलं तुझा नवरा फोनवर भरतो. पोरीला शाळेत न्यायला बस येते. एक नळी उरली होती हातात, तीही तुझ्या ह्या पालापाचोळ्याने काढून घेतली. झाडांनासुद्धा मी नकोसा झालो!"

नवऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि खिडकी लावून घेतली.

सुनेला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून जास्तच चीड आली. ही वांगी तिने बियांपासून वाढवली होती. ऑफिसमधून आल्यावर चपला काढायच्या आधी ती त्यांच्याकडे बघायची.

"मग काय करू? तुम्हाला काम हवं म्हणून रोपं मारून टाकू?"

"मी तसं कुठे म्हणालो?" सासरे हळूच म्हणाले. ते तसेच खाली बसून राहिले. उठायला आधार लागणार होता आणि तो मागायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

ती तरातरा कुंपणाकडच्या मिरच्यांच्या वाफ्याशी गेली आणि दोन्ही हातांनी तिथला पाचोळा उपसायला लागली. उपसून शेजारच्या वाफ्यात फेकत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. आता ऊन लागेल. माती भेगाळेल. तण उरावर येईल. सुट्ट्या घालवल्या त्या घालवल्याच. काही वेळाने मिरच्यांखालची माती उघडी पडली. ती हात झटकत वळली.

"हा वाफा तुमचा. याला आठवड्यातून एकदाचं गणित चालणार नाही, रोज बघावं लागेल. माती ओली असेल तर थेंबसुद्धा द्यायचा नाही. वाळली की मात्र लगेच. एक दिवस विसरलात तर मिरच्या माना टाकतील, आणि मी जाब विचारायला तुमच्याकडेच येणार. कळलं?"

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने ओढून त्यांना उभं केलं. ते मिरच्यांपाशी गेले, वाकले आणि मातीत बोट खुपसून बराच वेळ तसेच राहिले. सुनेची नजर खुंटीवरच्या नळीकडे गेली.

"छे," ते म्हणाले. "आत्ता अजिबात नको. चांगली ओल आहे."

ती आत गेली. हात धुतले, चहा ठेवला, नवऱ्याला खिडकी उघडायला सांगितलं. चहा गाळताना तिने हाक मारली, "बाबा, आत येताय ना?"

"इकडेच दे," बाहेरून आवाज आला. "इथे लक्ष ठेवायला माणूस हवं."

ती कप घेऊन दारात आली. सासऱ्यांनी व्हरांड्यातली खुर्ची ओढत वाफ्यासमोर नेली होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते उघड्या मातीकडे बघत बसले होते, ती वाळायची वाट बघत.