कामापुरता आवाज

सातवीच्या ‘व्यवसाय ओळख’ प्रकल्पासाठी सोनलने वायरमनचं काम निवडलं, तेव्हाच तिच्या वर्गशिक्षिका लिमकरबाई काय ते समजल्या. तिचे वडील तीन वर्षांपूर्वी विजेच्या खांबावरच गेले होते. त्यांचं कसब वीज कंपनीने आवाजासकट यंत्रात जपून ठेवलं होतं, नवशिक्यांना शिकवायला. पण घरचं काही विचारलं की तो आवाज गप्प व्हायचा.

बाईंनी सोनलच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या बाकावर ओळीने लावून घेतल्या: शिक्षण, हत्यारं, धोके. एक चिठ्ठी मात्र पोरीच्या मुठीतच होती.

“हा प्रश्न चालणार नाही ना, बाई?”

बाईंनी वाचलं, ‘बाबा, डब्यात माझ्यासाठी घास का ठेवायचात?’ त्यांनी ‘बाबा’ आणि ‘माझ्यासाठी’ खोडलं, उरलेला प्रश्न कामाचा वाटेल असा बदलला, वर ‘जेवणाची सुट्टी’ असा मथळा दिला आणि चिठ्ठी धोक्यांच्या आधी सरकवली.

“डबा पूर्ण संपवता का?” सोनलने मुलाखतीसाठी शाळेत आणलेल्या यंत्राला विचारलं.

“छे! चटणी लावून चतकोर भाकरी ठेवतो. पोरगी दारातच डबा उघडून बघते.” आवाज हसला. “हं, पुढचं विचारा, मॅडम.”

सोनलचा हात पुढच्या चिठ्ठीकडे गेला. बाईंनी त्या चिठ्ठीवर आपला तळहात ठेवला. “जेवणाची सुट्टी अजून संपलेली नाही.”