बारुदाची हळद

"अहो, तुमी मले काहून धरून राहिले? आजारी तुमी का मी?" दवाखान्याच्या तिसऱ्या पायरीवर भानुमती नवऱ्यावर डाफरली.

पुंडलिकनं तिचं कोपर काही सोडलं नाही. "मले चक्कर येऊन राहिली ना," तो म्हणाला. "धरायले कोनी नको?"

ती फणकाऱ्यानं पुढची पायरी चढली. तीन वर्षांपूर्वी याच पायऱ्या तिची आई आपल्या पायांनी चढली होती आणि उतरली ती चौघांच्या हातांवर. तेव्हापासून भानुमतीनं शपथच घेतली होती, मरेन पण या दारात पाय ठेवणार नाही. ताप आला की काढा, पाय मुरगळला की तेल. पण आज सकाळी कामावर निघायच्या वेळी पुंडलिक खाटेवर बसूनच राहिला. पासष्टची लढाई पेटल्यापासून दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल ड्युटी, आणि या माणसाचा एक खाडा नाही. तो म्हणाला, "भानू, काही खरं दिसत नाही. दवाखान्यात चाल माझ्यासंगं. एकट्यानं जायची हिंमत होऊन नाही राहिली." मग कसली शपथ न कसलं काय! तिनं चपला अडकवल्या, दाराला कुलूप दाबलं आणि किल्ली आतच विसरली.

वस्तीत कावीळ घरोघर फिरत होती. शेजारची शकु झाडपाल्यावर भरवसा ठेवून घरीच पडून राहिली. कावीळ डोक्यात चढली, तिला दिवस-रात्र कळेना आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. पुंडलिकचं तर कळायचं तरी कसं? तो फॅक्टरीत बारूद भरायचा, आणि बारूद भरणारे सगळेच पिवळे. हात पिवळे, मान पिवळी, उशीचा अभ्रासुद्धा पिवळा. सदर बाजारात दुकानदार लांबूनच ओळखायचे. त्याचे कपडे धुऊन धुऊन भानुमतीचेही हात पिवळे पडले होते. "तुले पुन्हा हळद लागली," असं तो चिडवायचा, आणि लग्नाला अकरा वर्षं होऊनही ती बया लाजायची. घरात खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद. त्या अंधारात कोणाचे डोळे कसे आहेत, हे कोण बघणार?

आत बाकांवर माणसं, जमिनीवर माणसं, कोणी ओकतंय, कोणी कण्हतंय. सिस्टरनं पुंडलिकच्या हातावर स्पिरिटचा बोळा घासला. बोळा पिवळाधमक झाला.

"ये तो फॅक्टरी का रंग है," ती म्हणाली.

"अरे दीदी, ये आदमी अंदर से भी पीला है!" भानुमती तिच्या अंगावर गेली. "डोळे देखो ना जरा!"

सिस्टरनं पुंडलिकचे डोळे पाहिले. मग भानुमतीकडे पाहिलं आणि लगबगीनं डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर तरुण होते, जागरणानं पार सुकलेले.

"खाना कब से बंद है?"

"चार दिन से," पुंडलिक म्हणाला.

भानुमती बघतच राहिली. काल तर यानं दोन भाकरी खाल्ल्या, वर तिच्या ताटात उरलेलीही संपवली! आपल्या समाधानासाठी गिळली असेल बिचाऱ्यानं.

"जी मचलता है?"

"बहुत. पर बताने का नाम नहीं."

काळजीनं आपल्यालाच मळमळतं, असं तिला वाटत होतं. हाही तेच सोसत होता, आणि तोंडातून अवाक्षर नाही! तिला भडभडून आलं.

"और होश?"

पुंडलिकनं भानुमतीकडे न बघता सांगितलं. "कल चाय में नमक पड़ गया, साहब."

"इश्श! ते सांगायचं होतं का आता?" ती म्हणाली. एवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं.

डॉक्टरांनी दोघांनाही आजचा वार विचारला. ती म्हणाली मंगळवार, तो म्हणाला गुरुवार. गुरुवारच होता. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "एक ही खाट खाली है," ते सिस्टरला म्हणाले आणि बाकांवरच्या माणसांकडे बघत घुटमळले.

भानुमतीनं हात जोडले. "साहेब, हे नाही तर मी नाही. अकरा वर्षांत या माणसानं मले अरे म्हटलं का कारे म्हटलं नाही. मूलबाळ नाही, कोनी नाही, हेच एक हायेत. ती खाट द्या. तुमी म्हनाल ते करीन."

"जो कहूँगा, करोगी? भाग तो नहीं जाओगी?"

"नर्मदामैयाची शपथ!"

पुंडलिकनं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले.

खाट खिडकीजवळची होती. बरं झालं, याला वारा लागतो, भानुमतीच्या मनात आलं. तिनं चादरीच्या सुरकुत्या काढल्या, उशी थोपटली. तोवर डॉक्टर सलाइनची बाटली आणि सुई घेऊन आलेच.

"साहेब, हळू टोचा हो. यायले सुईचं लय भेव वाटते," ती म्हणाली. "मी हात धरते यायचा."

"धरो, धरो," डॉक्टर म्हणाले. "यहाँ बैठो, खाट पे."

ती खाटेच्या कडेला टेकली. पुंडलिकनं स्टूल ओढलं, शेजारी बसला आणि आपला पिवळा हात तिच्या हातात घट्ट दिला. डॉक्टरांनी तिचा दुसरा हात उचलला, बांगड्या वर सरकवल्या आणि पिवळ्या मनगटावर स्पिरिटचा बोळा खसाखसा घासला. बोळा पांढराच राहिला.